सिल्वासात खोली महाग का झाली? राग बाहेरच्यांवर, गणित मात्र जमिनीचं

सिल्वासा : घर घ्यायचं तर झेपत नाही, भाड्याने घ्यायचं तर परवडत नाही, आणि याला कारण बाहेरून आलेले लोक. आमलीपासून नरोलीपर्यंत ही तक्रार आता नेहमीची झाली आहे. चहाच्या टपरीवर ती ऐकू येते, निवडणूक आली की प्रचारातही येते. लग्न झालेल्या मुलासाठी वेगळी खोली शोधणारा बाप ती सगळ्यात जास्त पोटतिडकीने करतो, कारण त्याच्या डोळ्यांदेखत तीच खोली कंपनीतल्या चार पोरांनी जास्त भाडं देऊन घेतलेली असते.

तक्रार खोटी नाही. पण खोलीचा भाव नेमका कोण ठरवतो, हे पाहिल्याशिवाय या रागातून कुणाचंच घर होणार नाही. पालघर, नाशिक, वलसाड आणि दादरा-नगर हवेली या पट्ट्यातल्या मराठी वाचकांसाठी तर हा प्रश्न दुहेरी आहे. सिल्वासात मराठी बोलणारा माणूस स्थानिकही आहे आणि बाहेरचाही.

आधी आकडे

दादरा-नगर हवेलीचं क्षेत्रफळ ४९१ चौरस किलोमीटर. महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याएवढं. १९६१ साली हा प्रदेश भारतात सामील झाला तेव्हा इथली लोकसंख्या होती ५७,९६३. १९९१ च्या जनगणनेत ती १,३८,४७७ झाली, २००१ मध्ये २,२०,४९० आणि २०११ मध्ये ३,४३,७०९. म्हणजे ५० वर्षांत जवळपास सहापट. २००१ ते २०११ या दशकातली वाढ सुमारे ५६ टक्के होती. देशातल्या सर्व राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांमध्ये हा वेग सर्वाधिक ठरला.

ही वाढ कुणाची, तेही जनगणनेतच दिसतं. २००१ मध्ये अनुसूचित जमातींची संख्या १,३७,२२५ होती, ती २०११ मध्ये १,७८,५६४ झाली. वाढ सुमारे ३० टक्के. त्याच काळात बिगर आदिवासी लोकसंख्या ८३ हजारांवरून १ लाख ६५ हजारांवर गेली, म्हणजे जवळपास दुप्पट. १९९१ साली दर १०० जणांत ७९ आदिवासी होते. २००१ ला ६२ आणि २०११ ला ५२. वारली, धोडिया, कोकणा या समाजांच्या मनात 'आपल्याच गावात आपण कमी होतोय' ही भावना का आहे, हे या तीन आकड्यांवरून कळतं.

आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे. २०११ मध्ये इथे पुरुष होते १,९३,७६० आणि स्त्रिया १,४९,९४९. दर हजार पुरुषांमागे फक्त ७७४ स्त्रिया. फरक ४३ हजारांहून जास्त. येणाऱ्यांत कुटुंब गावाकडे ठेवून एकटे कमवायला आलेले पुरुष मोठ्या संख्येने आहेत, असा याचा अर्थ. घरभाड्याच्या पुढच्या सगळ्या गणिताची चावी इथे आहे.

२०११ नंतर जनगणना झालेली नाही. २०२१ ची लांबली. आता ती २०२७ मध्ये पूर्ण होणार आहे. तोवर शहराचं नियोजन जुन्या आकड्यांवरच चाललं आहे.

कंपन्यांना बोलावलं, घरांचं काय?

एवढी माणसं इथे वाट चुकून आली नाहीत. त्यांना आणणारं धोरण होतं.

दादरा-नगर हवेली हा औद्योगिकदृष्ट्या मागास प्रदेश धरून केंद्राने इथल्या कारखान्यांना आयकरात सूट दिली. आयकर कायद्याच्या आठव्या परिशिष्टात जे मागास प्रदेश होते, त्यात याचं नाव होतं. नव्या कारखान्याला पहिली पाच वर्षं नफ्यावर १०० टक्के वजावट, पुढची काही वर्षं कमी दराने. ३१ मार्च २००४ पूर्वी उत्पादन सुरू करणाऱ्यांना हा फायदा होता. जोडीला विक्रीकरातली दीर्घ मुदतीची सूट. वापीचं रेल्वे स्टेशन आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग हाकेच्या अंतरावर. मग प्लास्टिक, सूत, तांबं, रसायनं, पॅकेजिंग असे कारखाने पिपरिया, मसाट, खडोली, रखोली, सायली, दादरा या पट्ट्यात उभे राहिले. टेक्स्चराइज्ड यार्नसाठी तर सिल्वासाचं नाव देशभर झालं.

करसवलत घेताना कारखान्याला यंत्रं दाखवावी लागत, उत्पादन दाखवावं लागे. कामगार रात्री झोपणार कुठे, हे दाखवावं लागत नव्हतं. जुन्या मुंबईतल्या गिरण्यांच्या काळात निदान मुंबई विकास विभागाच्या बीडीडी चाळी तरी बांधल्या गेल्या. इथे कामगार वसाहत ही गोष्ट अपवादानेच दिसते.

कायदा अगदीच नव्हता असं नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने परराज्यातून कामगार आणणाऱ्या ठेकेदारावर राहण्याची योग्य सोय करण्याची जबाबदारी टाकली होती. पण तो लागू व्हायचा ठेकेदाराने भरती करून आणलेल्या कामगाराला. आजचा कामगार बहुधा गाववाल्याच्या, मेव्हण्याच्या ओळखीने येतो, स्टेशनवर उतरतो आणि इथेच गेटवर कामाला लागतो. कागदावर तो 'आणलेला' नसतोच. पुढे हा कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला.

थोडक्यात, कामगाराच्या घराचा खर्च कंपनीच्या हिशेबात आला नाही. तो गावावर आला.

माणशी भाड्याचं गणित

आता एका साध्या खोलीचा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

समजा मसाटच्या एखाद्या चाळीत खोलीचं भाडं ४,००० रुपये आहे. चार कामगार मिळून राहिले तर माणशी १,००० पडले. मालकाने भाडं ५,००० केलं, तर प्रत्येकावर बोजा वाढला २५० रुपयांचा. कुरकुर होईल, पण खोली सुटणार नाही. फारच झालं तर पाचवा माणूस घेतील आणि पुन्हा माणशी १,००० वर येतील.

हीच खोली एखाद्या नव्या जोडप्याला हवी असेल तर? कमावणारा एक. ४,००० चे ५,००० झाले की पूर्ण हजार रुपये त्याच्या एकट्याच्या पगारातून जातात. शिवाय त्याला संडास वेगळा हवा, पाण्याची वेळ हवी, शेजार कुटुंबाचा हवा. म्हणजे मागणी जास्त आणि भाडं देण्याची ताकद कमी. मालकाला कुणाला खोली द्यावीशी वाटेल, हे सांगायला नको.

सुरतच्या पॉवरलूम भागात हेच गणित टोकाला गेलेलं आहे. तिथे दिवसपाळी आणि रातपाळीचे कामगार एकच जागा आलटून-पालटून वापरतात. एका माणसाच्या जागेचं भाडं दोघांकडून वसूल होतं.

म्हणजे बाहेरचा माणूस श्रीमंत आहे म्हणून भाव चढवत नाही. तो गरीब आहे, दाटीने राहायला तयार आहे, म्हणून भाव चढतो. हा फरक लक्षात घेतला नाही तर उपायही चुकतो.

जमिनीच्या किमतीवर याचा थेट परिणाम होतो. समजा एखाद्या छोट्या तुकड्यावर पाच खोल्यांची चाळ बसते. महिना २०,००० आले, वर्षाचे झाले २ लाख ४० हजार. त्या तुकड्याचा मालक जमीन विकायला काढतो तेव्हा हे उत्पन्न धरूनच भाव सांगतो. घर बांधायला गुंठाभर जागा शोधणारं कुटुंब आणि चाळ टाकायला जागा शोधणारा गुंतवणूकदार एकाच दलालासमोर बसतात. कुटुंबाला त्या जागेतून उत्पन्न मिळणार नसतं, गुंतवणूकदाराला मिळणार असतं. भाव त्याच्या हिशेबाने फुटतो.

भाडं घेणारा कोण?

इथे गोष्ट अवघड होते. कारण सिल्वासाच्या आसपासच्या चाळींचे मालक अनेकदा स्थानिकच आहेत.

कंपनीच्या वाटेवर ज्याची जमीन होती, त्याने शेतीच्या कडेला चार खोल्या काढल्या, मग आठ. ज्या कुटुंबाला भातशेतीतून वर्षाचं धान्यही पुरत नव्हतं, त्याला दर महिन्याला रोख पैसा येऊ लागला. त्यातून मुलांचं शिक्षण झालं, मोटरसायकल आली, घराला स्लॅब पडला. पण त्याच गावात ज्याची जमीन आत डोंगराकडे आहे, किंवा ज्याने २०-२५ वर्षांपूर्वी स्वस्तात विकून टाकली, त्याला यातलं काहीच मिळालं नाही. त्याचा मुलगा आता कंपनीत जातो आणि नातेवाइकाच्याच चाळीत भाडं भरतो.

म्हणून 'स्थानिक विरुद्ध बाहेरचे' ही मांडणी अर्धीच खरी आहे. रस्त्याकडेची जमीन असलेला स्थानिक आणि नसलेला स्थानिक, असा दुसरा भेद तिच्या आत आहे. त्याबद्दल उघड बोललं जात नाही, कारण तो भाऊबंदकीतला विषय आहे. परप्रांतीयाबद्दल बोलणं सोपं असतं.

या भेदालाही इतिहास आहे. पोर्तुगीज राजवटीत 'अल्वारा' नावाच्या सनदांनी मोठाल्या जमिनी मोजक्या लोकांच्या हाती होत्या आणि बहुसंख्य आदिवासी कुळं किंवा मजूर होते. १९७१ च्या जमीन सुधारणा नियमनाने ही जुनी पद्धत मोडली आणि कसणाऱ्यांना जमिनी देण्याचा मार्ग काढला. म्हणजे ज्या समाजाला एका पिढीपूर्वी पहिल्यांदा नावावर जमीन मिळाली, त्याच्याच दारात पुढच्या पिढीत कारखाने आणि दलाल आले. जमिनीचा भाव कसा ठरतो, हे शिकायला त्याला फुरसतच मिळाली नाही.

जमीन मोठी दिसते, बांधायला थोडी

नकाशावर ४९१ चौरस किलोमीटर दिसतात. त्यातलं सुमारे ४० टक्के क्षेत्र जंगलाचं आहे. ते वगळलं तर २०११ च्या लोकसंख्येनुसारच दर चौरस किलोमीटरला १,१५० हून जास्त माणसं होतात. त्यातून मधुबन धरणाच्या जलाशयाखाली गेलेला भाग, नदी, डोंगर, औद्योगिक भूखंड आणि पिकाखालची जमीन वजा करा. खानवेलच्या पुढे मांदोनी, सिंदोनीकडे जागा आहे, पण तिथून रोज पिपरियाला पाळी गाठायची म्हणजे बस आणि रस्त्याचा भरवसा हवा. मग सगळा भार सिल्वासा, सामरवरणी, मसाट, रखोली, नरोली आणि दादरा या पट्ट्यावर पडतो.

यात प्रशासनाचीही एक गाठ आहे. २०११ च्या जनगणनेने सामरवरणी, मसाट, रखोली, नरोली आणि दादरा यांना 'जनगणना शहर' म्हटलं. वस्ती शहरी, धंदा शहरी, पण कारभार ग्रामपंचायतीचा. नगरपालिकेचे बांधकाम नियम, गटार, कचरा, पाण्याची जोडणी ही यंत्रणा अशा गावात लगेच येत नाही. त्यामुळे खोल्या वाढतात, पण नाला तेवढाच राहतो. पावसाळ्यात तो तुंबला की शिव्या भाडेकरूंना बसतात.

शेतजमिनीवर घर बांधायचं तर बिनशेती, म्हणजे एनए परवानगी लागते. ज्याच्याकडे पैसा आणि माहिती आहे, तो ती काढून घेतो आणि त्याची जागा एका रात्रीत महाग होते. ज्याच्याकडे नाही, तो तसंच बांधतो. अशा बांधकामावर बँकेचं कर्ज मिळत नाही आणि कारवाईची टांगती तलवार राहते. ती जोखीमही मालक भाड्यात धरतो.

वर मोठ्या प्रकल्पांची भर. जानेवारी २०१८ मध्ये सिल्वासा स्मार्ट सिटी योजनेत आलं. त्यानंतर मेडिकल कॉलेज सुरू झालं, नवं हॉस्पिटल उभं राहिलं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे सुमारे ४.३ किलोमीटर दादरा-नगर हवेलीतून जातात आणि वापीचं स्टेशन जवळच आहे. या कामांनी सोयी वाढल्या, त्याचबरोबर 'अजून थोडं थांबू, भाव वाढेल' असं म्हणून जागा रिकामी ठेवणारेही वाढले.

सीमेपलीकडे कायदा वेगळा

तलासरीतून सिल्वासाला येणाऱ्या माणसाला रस्ता बदललेला फारसा कळत नाही. कायदा मात्र बदलतो.

पालघर जिल्ह्यातले तलासरी, जव्हार, मोखाडा हे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालचे अनुसूचित क्षेत्र आहेत. तिथे पेसा लागू आहे आणि ग्रामसभेला काही अधिकार आहेत. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला देण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे कडक बंधन आहे. गुजरातमध्ये धरमपूर, कपराडा पट्ट्यात कलम ७३-अअ असंच बंधन घालतं.

मध्ये असलेल्या दादरा-नगर हवेलीत निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत, लोकसभेची जागाही अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे, पण हा प्रदेश पाचव्या अनुसूचीत नाही. ती अनुसूची राज्यांमधल्या घोषित क्षेत्रांना लागू होते, केंद्रशासित प्रदेशांना नाही. इथला जमिनीचा कायदा म्हणजे १९७१ ची नियमनं आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. अशी नियमनं संविधानाच्या कलम २४० प्रमाणे राष्ट्रपतींच्या नावाने निघतात.

विधानसभा नाही. जानेवारी २०२० मध्ये दमण-दीवशी विलीनीकरण झालं. संपूर्ण प्रदेशाचे खासदार दोन, त्यातला इथला एक. घरभाडं, जमीन, स्थानिकांना नोकरी हे विषय एरवी राज्याच्या विधानसभेत गाजतात. इथे ते गाजवायला सभागृहच नाही. जिल्हा पंचायत आणि नगरपालिका आहेत, पण कायदा करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही. मग राग कुठे निघणार? शेजारच्या खोलीतल्या माणसावर.

मराठी माणूस कोणत्या बाजूला?

२ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं, त्या लढ्यात पुण्या-मुंबईहून आलेले तरुण होते. संगीतकार सुधीर फडके त्यातलेच एक. आजही इथे मराठी शाळा आहेत, वारली घरांतली बोली तलासरीच्या पाड्यांवरच्या बोलीला जवळची आहे, आणि सोयरिकी सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. या अर्थाने मराठी इथली आहे.

पण कामासाठी आलेला मराठी माणूस चाळीच्या मालकासाठी 'बाहेरचा'च असतो. डिपॉझिट मागताना त्याला उत्तर प्रदेशच्या कामगाराहून वेगळी सवलत मिळत नाही.

सगळ्यात विचित्र अवस्था सीमेपलीकडून आलेल्या आदिवासीची. तलासरीचा वारली आणि नरोलीचा वारली एकाच कुळातले असू शकतात. तरी जमातीचा दाखला मूळ राज्याशी बांधलेला असतो. स्थलांतर केल्यावर तो हक्क दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मरी चंद्रशेखर राव प्रकरणात सांगितलं. म्हणजे ज्याची भाषा, देव आणि पाहुणे इथलेच आहेत, तो कागदावर बाहेरचा. आणि कुठल्याही समाजाचा, पण कागद जमवू शकलेला माणूस स्थानिक. 'बाहेरचा' हा शब्द वापरताना ही गुंतागुंत लक्षात ठेवलेली बरी.

इतर ठिकाणी काय झालं

मुंबईत भूमिपुत्रांचा प्रश्न १९६६ पासून राजकारणाच्या मध्यभागी आहे. नोकऱ्यांबाबत त्यातून काही मिळालं. घरांबाबत मात्र गिरणगावातला मराठी माणूस विरार, बदलापूरकडे सरकतच राहिला. भाड्यांबाबत मुंबईने दुसरं टोक पाहिलं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, जुन्या भाडेकरूंना संरक्षण मिळालं, पण नव्या भाड्याच्या चाळी बांधणं जवळपास थांबलं आणि पागडी आली. भाडं गोठवलं की नव्या माणसाला, म्हणजे स्थानिकाच्याच पुढच्या पिढीला, खोली मिळत नाही.

गोव्याचा अनुभव ताजा आहे. जुलै २०२१ मध्ये गोवा विधानसभेने भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक मंजूर केलं. ३० वर्षं राहिलेल्याला 'भूमिपुत्र' म्हणायचं आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या २५० चौरस मीटरपर्यंतच्या घराचा मालकी हक्क मागू द्यायचा, असं त्यात होतं. बाहेरच्यांची बेकायदा घरं कायम होतील म्हणून विरोध झाला, आणि 'भूमिपुत्र' हा शब्द आमचा आहे म्हणत आदिवासी समाजही उठला. विधेयक अमलात आलं नाही. स्थानिक कोण याची व्याख्या करायला गेलं की स्थानिकांतच भांडण लागतं, हे तिथे दिसलं.

ज्या ठिकाणी राग हातघाईवर आला, तिथे कुणाचाच फायदा झाला नाही. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उत्तर गुजरातमध्ये परप्रांतीय कामगारांवर हल्ले झाले, हजारोंनी गाव सोडलं आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर कारखाने अडले. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर दक्षिण गुजरातच्या स्टेशनांवरून श्रमिक गाड्या भरभरून गेल्या. औद्योगिक पट्ट्यातल्या चाळी रिकाम्या झाल्या. ज्यांनी कर्ज काढून खोल्या बांधल्या होत्या, त्यांचे हप्ते मात्र थांबले नाहीत.

सिल्वासाला हा धोका कायम आहे. जुनी करसवलत संपली, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि विक्रीकराचा फायदाही उरला नाही. कारखान्याला इथे टिकायला आता कामगार, वीज आणि रस्ता हीच कारणं आहेत. कामगारच राहिला नाही तर चाळीचं भाडं, किराणा, रिक्षा, खानावळ हे सगळं स्थानिकांचं उत्पन्न जाईल.

भाड्याचा कायदा काय सांगतो

२०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवसाठी भाडेकरार नियमनाला मंजुरी दिली. त्याचा पाया म्हणजे केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा. त्या आदर्श कायद्यातल्या मुख्य गोष्टी प्रत्येक खोलीमालकाने आणि भाडेकरूने माहीत करून घ्यायला हव्यात :

– भाडेकरार लेखी हवा आणि त्याची माहिती दोन महिन्यांत भाडे प्राधिकरणाला द्यायची.
– राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही.
– कराराच्या मुदतीत मनाला येईल तसं भाडं वाढवता येत नाही. वाढ करारात लिहिलेली हवी, नाहीतर तीन महिने आधी लेखी सूचना.
– भांडण झालं तरी मालकाने पाणी, वीज तोडायची नाही.
– मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवायचा नाही.
– मुदत संपल्यावर खोली न सोडणाऱ्याकडून मालकाला वाढीव भाडं वसूल करता येतं.

यात भाडं गोठवलेलं नाही. किती घ्यायचं हे दोघांनी ठरवायचं आहे. पण ते कागदावर आलं की दोन गोष्टी होतात. चार माणसांच्या खोलीत आठ भरणं अवघड होतं, आणि एका भागातलं खरं भाडं किती हे कळतं. आज दलाल सांगेल तोच भाव.

स्थानिक कुटुंबालाही याचा उपयोग आहे. लेखी करार असेल तर राहण्याचा पुरावा मिळतो, आणि एका वर्षात दोनदा खोली बदलायची वेळ येत नाही.

मग करायचं काय?

बाहेरच्यांना येऊ देऊ नका, ही मागणी कायद्यात बसत नाही. देशात कुठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने दिला आहे. अनुसूचित जमातींच्या हितासाठी त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, तीही कायद्याने. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर तशी बंधनं शेजारच्या दोन्ही राज्यांत आहेत. आदिवासींच्या उरलेल्या जमिनीला तेवढंच पक्कं संरक्षण इथेही द्या, ही मागणी जास्त नेमकी आहे आणि ती थेट केंद्राकडे करता येते.

दुसरी मागणी कंपन्यांकडे. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र भाग आहे. औद्योगिक कामगार आणि शहरात आलेले स्थलांतरित हे त्याचे लाभार्थी. त्याआधी २०२० च्या योजनेत सुरतसारख्या शहरात रिकामी पडलेली सरकारी घरं भाड्याने देण्यात आली. औद्योगिक वसाहतीला लागून एकट्या कामगारांसाठी वसतिगृहं उभी राहिली, तर गावातल्या खोल्यांवरचा माणशी भाड्याचा दाब कमी होईल आणि त्या कुटुंबांसाठी मोकळ्या होतील. त्यात काही चाळमालकांचं उत्पन्न घटेल. गावपातळीवर या मागणीला फारसा जोर का येत नाही, याचं एक कारण तिथेही आहे.

तिसरी गोष्ट बसची. खानवेल, रांधा, किलवणीहून पाळीच्या वेळेला भरवशाची बस मिळाली, तर स्थानिक मुलाला कंपनीजवळ खोली घ्यायचीच गरज पडणार नाही. बाहेरचा कामगार बारा तासांच्या पाळीला लगेच हजर होतो कारण तो गेटसमोर राहतो, आणि स्थानिक मुलगा उशिरा येतो कारण त्याची बस चुकते. नोकरी आणि घर हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण दोन्हींच्या मध्ये एक बस आहे.

आणि चौथी गोष्ट जनगणनेची. घरयादी करणारा दारात येईल तेव्हा खोलीत किती माणसं राहतात, घर स्वतःचं की भाड्याचं, संडास स्वतंत्र की सामाईक, हे तो विचारेल. कारवाईच्या भीतीने चाळमालक खोल्या कमी सांगतात आणि भाडेकरू माणसं कमी सांगतात. असं झालं तर पुढची दहा वर्षं पाणी, शाळा, बस आणि घरं पुन्हा अर्ध्याच माणसांच्या हिशेबाने मंजूर होतील. मग भांडण उरलेल्या खोल्यांवरून चालूच राहील, आणि त्या खोल्यांचं भाडंही वाढतच जाईल.